शेवटी बामाची हलकी झाक

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून वाईनचा पद्धतशीर अभ्यास. ही गेल्यापासून संध्याकाळी वेळच वेळ असतो, तो सत्कारणी लावायचा. महागड्या बाटल्या कुणीही वाखाणेल. रोजच्या, परवडणाऱ्या वाईनमधलं सोनं ओळखायला जीभ लागते. मला आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासतो, बारकावे टिपायची सवय आहेच.
पहिली बाटली. लाल, फिरकीचं झाकण. वास: चेरी, ओलं लाकूड. घोट भारदस्त. शेवटी बामाची हलकी झाक. डोकं दुखलं की ही लावायची, तो बाम. अशी नोंद कुठल्याच पुस्तकात नाही. बहुधा माझाच शोध.

५ फेब्रुवारी
पांढरी. सफरचंदाची साल, टोक काढलेली पेन्सिल. मागून पुन्हा बाम. ग्लास नीट धुतला नसणार.
मुलीचा फोन. म्हणाली, आईचं कपाट कधी आवरायचं? सांगितलं, दुकानात स्टॉक मोजतोय, मार्चनंतर बघू.
(स्टॉक मोजायला घ्यायला हवा.)

८ फेब्रुवारी
नवे ग्लास. बाम.
भांड्यांचा साबण बदलला. बाम.
दुकानात एका बाईंना समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली आणि गुलाबी वाईनच्या विचारात हरवलो. त्यांनी तक्ता दोनदा वाचला म्हणे.

११ फेब्रुवारी
उघडी बाटली घेऊन तडक वाईनवाल्याकडे. कंपनी भेसळ करते म्हणून चांगलं सुनावलं. त्याने वास घेतला, घोट घेतला. म्हणाला, "काका, नुसती द्राक्षं आहेत. घरी कुणी बाम लावतं का?" म्हटलं, आता नाही.
त्याने मुकाट्याने बाटली बदलून दिली. आवाज चढवला की कामं होतात.

१२ फेब्रुवारी
बदललेली बाटली. झाकण उघडायच्या आधीच वास आला. ग्लास रिकामा. म्हणजे माझं नाक आता वाईनच्याही पुढे धावतंय. प्रगती.
वास आतल्या खोलीकडून जास्त येत होता. दार ओढून घेतलं. मग बरं वाटेना, पुन्हा उघडलं. हवा खेळती हवी.

१६ फेब्रुवारी, रविवार
घरी टेस्टिंग ठेवलं. शेजारचे दातांचे डॉक्टर, मेहुणा आणि मुलगी. ग्लास कसा फिरवायचा हे मी करून दाखवलं. टेबलक्लॉथ मुलीने लगेच भिजत घातला.
चेरी म्हटलं, डॉक्टर म्हणाले, अगदी. जुनं चामडं म्हटलं, म्हणाले, वा, नेमकं. मग मी म्हटलं, आता थांबा, शेवटी बाम येईल. डोळे मिटा. आला?
डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मेहुणा ग्लास ठेवून बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा डोळे लाल. त्याला वाईनची ॲलर्जी दिसते. त्याच्या बहिणीला होती का, आठवत नाही. तिला विचारायला हवं

मुलगी म्हणाली, "बाबा, मी राहते थोडे दिवस." जावयाला तसं कळवलंही. पोरीला वाईनची गोडी लागली म्हणायची.

१८ फेब्रुवारी
मुलगी आतल्या खोलीतच झोपते. कपाटाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. स्टॉकचं कारण तयार होतं, वाया गेलं.
आज टेस्टिंग नाही. घसा खवखवतोय असं तिला सांगितलं.

२० फेब्रुवारी
संध्याकाळी नवी बाटली उघडली. लाल, सगळ्यात साधी. ओतता ओतता आतल्या खोलीकडे बघून सवयीने हाक मारली, "अगं, येतेस का जरा? चव बघ."
आतून आवाज आला, "आले."
हातातली बाटली तशीच राहिली.
मुलगी बाहेर आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. माझ्याकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मलाच हाक मारलीत ना, बाबा?"
हो म्हटलं.
तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली. खुर्ची ओढून शेजारी बसली. दोघांनी एकेक घोट घेतला.
चेरीबिरी काही सुचलं नाही. कशी आहे, असं तिलाच विचारलं.
म्हणाली, आंबट आहे.
आंबटच होती.