साहेबाच्या वस्तऱ्याला धार कोण लावायचं

आबा,

आधी एक चूक दुरुस्त करते. तुमच्या तेराव्याला मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं आणि ओट्यावर तुमच्या आरशाच्या खिळ्याखाली बसून ते हळूच वाचलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की शेवटपर्यंत तुम्ही आपल्या हातानं दाढी केलीत, कुणाला हात लावू दिला नाहीत. ते खरं नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं. पण चुकीचं लिहिलेलं तसंच राहिलं तर मला झोप लागत नाही, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्हाला तर खरं काय तेही ठाऊक होतं! माझं पत्र ऐकताना हसला असाल.

पुण्याहून मी पत्र धाडायची, तेव्हा ते वाचून घ्यायला तुम्ही रिहे गावच्या मास्तरांपर्यंत डोंगर ओलांडून जायचात. घरात अक्षर शिकलेली मी पहिली, आणि माझंच अक्षर वाचायला घरात कुणी नाही. आता मधे मास्तर लागत नाहीत, एवढंच बरं.

तो वस्तरा आला तो दिवस आठवतो का? धरणासाठी रान मोजायला आलेल्या साहेबाला तुम्ही सगळे डोंगर दाखवलेत, आणि विलायतेला परत जाताना त्यानं ती पत्र्याची डबी तुमच्या हातात ठेवली. आत एक दांडी, तिच्या टोकाला कंगव्यासारखे दात, त्यात बसणारं एक जाड पातं, ते धरायला चिमटा आणि धार लावायला चामड्याचा पट्टा. काका म्हणाले, “एवढं रान घेतलं आन् वस्तरा दिला व्हय?” तुम्ही डबी मिटून घरात नेलीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला फेस लावून ओट्यावर बसलात, आणि निम्मी आळी बघायला जमली.

“आबा, गालावर कुळव धरलाय का काय?” काकांनी विचारलं.

“धरलाय की. बैल हुडकतुया. येतूस का?”

सगळे हसले, न्हावीमामा तेवढे हसले नाहीत. “मंग माझं बलुतं बंद म्हना की,” ते म्हणाले. तुम्ही फेसासकट वळलात. “बलुतं चालूच. डुईची केसं तुझी, मानंमागचं तुझं. गाल तेवढं माझं.” खळ्यावर त्यांचा वाटा तुम्ही कधी चुकवला नाहीत.

एक सांगू का? तुम्हाला ती दाढी कधीच नीट जमली नाही. डाव्या कानाखाली केसांचा एक पुंजका दर वेळी राहायचा. मी सुट्टीला आले की पहिल्यांदा तोच दिसायचा. मागच्या उन्हाळ्यात आले तर गाल एकदम साफ! मी म्हटलं, “आबा, आता कुठं हात बसला तुमचा!” तुम्ही चुलीकडे बघितलंत आणि हसलात. चुलीशी आई होती. ती भाकरी थापत राहिली, वर बघितलंच नाही तिनं. मी एवढी शिकलेली, पण तेव्हा मला काही कळलं नाही.

हात बसला नव्हता, आबा. हात गेला होता. होय ना?

आता सुट्टीला आले तर भाताची झोडणी चालली आहे. सगळे खळ्यावर होते, घरात कुणी नसेल असं वाटलं. मी कणगीच्या खोलीत सूप आणायला गेले आणि दारातच थांबले. आईनं खुंटीला पट्टा अडकवला होता, दुसरं टोक डाव्या हातानं ओढून धरलं होतं, आणि पातं चिमट्यात धरून पट्ट्यावर फिरवत होती. पाठ पुढं, धार मागं. टोकाला पोचलं की पातं पाठीवरच उलटवायचं, धारेवर नाही, नाहीतर चामडं कापतं. तिचा हात कुठं अडखळत नव्हता. मग तिनं पातं फडक्यानं पुसलं, बोटभर तेल फिरवलं आणि डबीत ठेवलं. पट्टासुद्धा मऊ होता, नुकतं तेल पाजल्यासारखा.

“आई, कुणासाठी?”

ती दचकली. “गंजंल म्हनून,” म्हणाली. मग पट्टा गुंडाळता गुंडाळता आपणच सांगायला लागली. “गेल्या सालच्या पावसापास्नं त्येंचा उजवा हात उचलंना. न्हाव्याकडं जावा म्हनलं, तर न्हाई. इतकी वर्सं गाल माझं म्हनलो, आता कुटल्या तोंडानं जाऊ, म्हनं. मंग मीच बसवलं हितं, दार लावून. पयल्या दिशी मलाच घाम फुटला. ते म्हनले, भ्याचं काम न्हाई, साहेबाचा वस्तरा हाय, दात पुडं हायेत, कापायचा न्हाई.”

“कापलं नाही?”

“येकदा. हसवलं त्येंनी मला, म्हनून.”

काय बोलला होतात हो तुम्ही? ते मात्र तिनं सांगितलं नाही. पदर तोंडाला लावून हसली, आणि मग रडली. तुम्ही गेल्यावर ती पहिल्यांदा हसलेली मी पाहिली.

मग तिनं माझा हात धरला. “भागे, कुनाला सांगू नगंस. बायकोकडनं दाढी करून घेतली म्हनून हसतील त्येंना, मेल्यावर बी.” मी शब्द दिला.

आणि त्याच संध्याकाळी धरणाच्या कामावरून आपल्या किसनदादाचा निरोप आला. तिथल्या मुकादमाच्या मनात तुमचा वस्तरा भरला आहे. तो दिला तर दादाला दगडफोडीवरून काढून हलक्या कामाला लावतो म्हणाला आहे. दादानं कबूल केलं. चंपाषष्ठीला घरी येऊन दुसऱ्या दिवशी डबी घेऊन जायचं. दादाचीही पाठ रोज दुखते, घरी आला की रात्री कण्हतो तो. त्याला मी वाईट कसं म्हणू? त्याला वाटतं, वापरणारा गेला, वस्तू पडून आहे.

आई निरोप ऐकून एवढंच म्हणाली, “जाऊ दे.” पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्ट्याचा आवाज आला.

आबा, तीन दिवस मी हाच विचार करते आहे. बोलले तर दिलेला शब्द मोडतो. न बोलले तर डबी जाते. तुम्ही असं झाकून का ठेवलंत? रागावून विचारत नाही. बायकोच्या हातात गाल देणं हे लाजेचं वाटलं का तुम्हाला? मला तर दार लावलेल्या त्या खोलीतलं तुमचं हसणं ऐकायला मिळालं नाही, याचंच वाईट वाटतं.

मग काल खळ्यावर काकांना कोयता हवा होता. किसनदादाच्या बायकोनं आईकडे बोट दाखवून सहज म्हटलं, “आत्यांना इच्यारा, धार त्या लावत्यात.” आणि मला तुम्ही आठवलात. कुणी काही मागायला आलं की तुम्ही बसल्या जागेवरून ओरडायचात, “धार कोन लावतंय त्याला? त्यालाच इच्यार जा.” कुऱ्हाड असो, विळा असो, खुरपं असो. तुम्ही घरचे मालक, तरी विळा आईला न विचारता कधी कुणाला दिला नाहीत. किसनदादा तर तुमच्याहून कडक. गेल्या खेपेला घरी आला तेव्हा स्वतःच्याच बायकोला विचारून खुरपं नेलं त्यानं!

तेव्हा मी दादाला एवढंच सांगेन की वर्षभर त्या पात्याला धार आईनं लावली. दाढीचं सांगणार नाही. ते सांगायचं की नाही, हे तिच्यावर. शब्दाच्या कडेवरून चालते आहे असं वाटतं, पण मोडत नाही, आबा. मी तो पुन्हापुन्हा तपासून बघितला.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. दादा तिला विचारेल, “आये, देऊ का?” आणि ती म्हणेल, “दे बाबा, तुजी पाठ बरी व्हऊ दे.” ती तसं म्हणू शकते. म्हणाली तर मी गप्प बसेन, डबी स्वतः पुसून दादाच्या हातात देईन. पण तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल तिला कुणी काही विचारलेलं नाही. कुंकू पुसताना विचारलं नाही, तुमचं धोतर-पागोटं देऊन टाकताना विचारलं नाही. हे एक विचारल्याशिवाय जायचं नाही. आणि ती नाही म्हणाली, तर दादाच्या हलक्या कामासाठी मोठ्या साहेबाकडे अर्ज मी लिहीन, चांगल्या अक्षरात, आणि स्वतः नेऊन देईन. हे वचन तुम्हाला देते.

पुढचं पत्र वाचताना आरशाखाली मी एकटी नसेन, आईला शेजारी बसवीन. तेव्हा तुम्ही काय बोलून तिला हसवलंत ते कदाचित ती सांगेल.

तळी उचलायच्या आधी, दादा हातपाय धुऊन ओट्यावर बसला की बोलेन. येत्या शनिवारी, चंपाषष्ठीला.

तुमची,
भागी