उणकलच्या होडीसाठी जुनी मोटर

प्रिय अप्पा,

काल मी एका जुन्या मोटरीला 'घेऊया' म्हटलं. तुम्ही गेल्यापासून मी आपणहून कशालाच हो म्हटलं नव्हतं. म्हणून तुम्हाला कळवावंसं वाटलं.

मोटर अण्णासाठी. उणकलच्या तळ्यात तो होडी वल्हवून लोकांना फेरी मारून आणतो. हल्ली त्याचा उजवा खांदा वर होत नाही. होडीच्या मागे अडकवायची मोटर तारिहाळला एका शेडमध्ये विकायला आहे असं कळलं, तेव्हा तो मला म्हणाला, "तू बघ. अप्पांच्या हाताखाली तू शिकलीस, मी नाही. तू नको म्हणालीस तर नको."

किती सहज टाकलं त्यानं माझ्यावर! तळ्याच्या मधोमध मोटर बंद पडली आणि होडीत लहान मुलं असली तर?

पहिल्या दिवशी, चालू करायच्या आधीच, मी झाकण काढून इंजिनाला हात लावला. कोमट. आम्ही येण्यापूर्वी तापवून ठेवलेलं. गरम इंजिन कुणाचंही चालतं, हे तुम्हीच शिकवलंत. "उद्या गार असताना बघते," मी म्हटलं. मालक बसप्पा कानडीत म्हणाले, "अक्का, इंजिन बघायला आलीस की सून?" अण्णा ओशाळला. मीही.

दुसऱ्या दिवशी मोटर पाण्याच्या पिंपात अडकवलेली होती, गार. दोरीच्या चौथ्या ओढीला चालू झाली आणि अर्धा तास चालली. मग बंद करून मी खालचा स्क्रू काढला. गिअरचं तेल ताकासारखं पांढरं. आत पाणी शिरत होतं.

खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आता नको म्हणता येणार होतं.

पण दोष सापडला की तुम्ही तिथेच उठायचात का? नववीत असताना एक पंप बरा आहे असं मी म्हटलं आणि तो आठवड्यात जाम झाला. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलंत, "माझी चूक." मला एक शब्द नाही. रागावला असतात तर बरं झालं असतं, अप्पा. तेव्हापासून मला फक्त दोष शोधता येतात.

मी बसप्पांना विचारलं, खालचा भाग उघडू का? "उघड की. जोडायला मात्र मला बोलावू नकोस."

पंख्याच्या दांड्याभोवती मासे पकडायचा दोरा गुंडाळला होता. त्यानंच पाणी अडवणारं रबरी सील कापलं होतं. दांडा मात्र गुळगुळीत; चरा असता तर नवं सीलही टिकलं नसतं. त्यावर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. तीनदा फिरवलं. नवं सील बसवलं, तेल भरलं, मोटर पुन्हा पिंपात चालवली. काल स्क्रू काढला, तर तेल जसं भरलं होतं तसंच.

अण्णानं ते तेल बोटांवर चोळून पाहिलं.

"घेऊया," मी म्हटलं.

"नक्की?" अण्णानं विचारलं. "की आणखी एकदा उद्या?"

घरी येऊन मी एक भाकरी जास्त खाल्ली. आई बघतच राहिली.

दर सोमवारी तेल बघेन. वल्ही होडीतून काढू देणार नाही, अण्णा कितीही हसला तरी. आणि रविवारी पहिल्या फेरीला दुसरं कुणी बसणार नाही, मी बसेन. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही बसेन.

तुमची,
सुमी