फिलूला कोण दिसतं?

मंगळवार, मालवण

आज वाडीतल्या खुरसासमोर, म्हणजे क्रूसासमोर, लदीनची प्रार्थना म्हणायला सगळे जमले. खुरसाचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. मला कुणी न शिकवता कळतं, गवंड्याला कळू नये? पूर्ण प्रार्थनेत तो हातच दिसत राहिला. शेजारी बायको, फिलू. मोतीबिंदूमुळे तिला मेणबत्तीसुद्धा धड दिसत नाही, तरी चेहरा उजळलेला.

"तुका कोण दिसता गो?" मी चिडून विचारलं.

"येशू. तू मेल्या पट्टी घेऊन देवाक मापतंस, तुका खंय दिसतलो?"

सगळे हसले. मी घरी आलो. इतकी वर्षं प्रार्थनेतला शब्द चुकवला नाही, मग मलाच येशू का दिसत नाही? तो वाकडा हात आड येतो की मीच?

उद्या तिचं ऑपरेशन. तिची नजर परत येऊ दे. पण तिला आता जे दिसतं, तेही राहू दे. नाहीतर घरात पाहणारं कोणीच उरणार नाही.