अख्खी ठेवायची गाडी

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, असं लिहिलं आणि ते खरं आहे का याचा विचार करत बसले. वहिनींचा खोकला थांबला का? शेजारचे काका उद्या तुझ्याकडेच निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. फोनवर मला हे सांगता आलं नसतं.

बाबांनी गाडीचं एक किट आणलंय. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडले की वीतभर मोटार होते. तुझी होती तीच गाडी. पण त्यांचा हात हल्ली थरथरतो. आरसा बसवायला गेले, तो उडून कपाटाखाली गेला. मग खोका माझ्याकडे सरकवला. "तू कर," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, कळलं. तू परगावी नोकरीवर असताना त्यांनी तुझी गाडी पुढच्या दारांमागून कापून दुकानासाठी पिकअप केली, तीच त्यांना हवी असणार. परत येऊन ते पाहिलंस आणि तू घर सोडलंस, पुढे त्यांनी ती विकली. पण त्यांचा जीव होता तिच्यावर. ते तपासण्यांसाठी दवाखान्यात होते तेवढ्यात मी कामाला लागले. छतावर चिकटपट्टी लावून रेघ आखली, बारीक करवतीने बॉडी कापली, मागची सीट उपटली, प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांचा मागे सामानाचा हौदा केला. केबिनची मागची भिंत काही केल्या बसेना, घासून घासून बसवली. बोटं एकमेकांना चिकटली ती वेगळीच. तू असतास तर म्हणाला असतास, शिकल्यासवरल्या माणसाला फक्त पाकिटं चिकटवायला द्यावीत.

बाबा घरी आल्यावर ती त्यांच्यापुढे ठेवली. भिंग लावून त्यांनी हौद्याचे कोपरे पाहिले. काटकोनात आहेत म्हणाले. मग गाडी हळूच खाली ठेवली.

"कापलीस कशाला गं? अख्खी ठेवायची होती. त्याला द्यायला आणली होती."

मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला पिकअप हवी.

"विचारायचं असतं," ते म्हणाले. आणि गाडी पुन्हा उचलत, "मीही विचारलं नव्हतं त्याला."

दादा, हे वाक्य मी जुळवलेलं नाही. तुमच्या दोघांत मध्यस्थी करताना एकाच्या तोंडी बरं वाक्य घालून दुसऱ्याला सांगायची खोड मला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. जसंच्या तसं आहे.

आता, जे टाळतेय ते. थरथर म्हातारपणाची नाही. मेंदूत गाठ आहे. गुरुवारी शस्त्रक्रिया. नंतर वाचा राहील याची खात्री डॉक्टर देत नाहीत. बाबांनी बजावलंय: "त्याला कळवू नकोस. कीव करून आलेला मला नको." म्हणजे हे पत्रही मी त्यांना न विचारताच लिहितेय. आमच्या घराण्याचा रोगच म्हणायचा.

कालपासून ते हौद्याला रंग देताहेत, एका हाताने दुसरा धरून. तुझ्या गाडीचा निळा त्यांना नेमका आठवतो. वाळली की पार्सलने पाठव म्हणतात. मी पाठवणार नाही. ती त्यांनीच तुझ्या हातात द्यावी, आणि मला म्हणाले ते तुला म्हणावं, बोलता येतंय तोवर.

राग गेला नसेल तर रागावूनच ये. ती कीव नव्हे, तेवढं त्यांना चालेल.

बुधवारपर्यंत येशील का?

या वेळी विचारणारी,
तुझी धाकटी