तेरा टक्के

ओमाहा, नेब्रास्का
२३ डिसेंबर २०२५

प्रिय सुवर्णा मावशी,
सप्रेम जय भीम.

फोन सोडून हे पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. परवा व्हिडिओ कॉलवर मी तीनदा विचारलं, गुडघा कसा आहे, आणि तीनही वेळा तू म्हणालीस, "हो, जेवलो ना आम्ही." कानाचं मशीन तू डब्यात घालून ठेवतेस हे तुझ्या अस्मिताने मला सांगितलंय. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, घाई नाही.

इकडे थंडी फार. सकाळी गाडीची काच खरवडल्याशिवाय निघता येत नाही. उपासनाचं इन्शुरन्स कंपनीतलं काम चालू आहे, आठवड्यातून दोन दिवस घरूनच करते. अनिका नऊ वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. तुझा फोटो फ्रिजवर लावलाय तिने, नर्सच्या ड्रेसमधला, वॉर्डाच्या दारात तू उभी असतानाचा.

माझं काम काय आहे, हे तू दरवेळी विचारतेस आणि मी दरवेळी "कॉम्प्युटरचं" म्हणून मोकळा होतो. आज नीट सांगतो. मी एका फुटबॉल क्लबात आकडेमोड करतो. हा आपला कामठीचा फुटबॉल नाही. इथे चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात. फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो चेंडू फेकेपर्यंत समोरची धिप्पाड माणसं त्याला आडवं पाडायला धावून येतात, आणि आपल्या बाजूचे पाच जाडजूड गडी त्यांना अडवून धरतात. ते पाच जण चांगले नसतील तर फेकणाऱ्याचं काही खरं नाही.

आमची टीम यंदा वाईट खेळली. चौदा मॅचमध्ये पाच जिंकल्या, तीन उरल्या होत्या. आता गंमत अशी की इथे जो सगळ्यात खाली राहतो, त्याला पुढच्या वर्षी कॉलेजमधल्या नव्या पोरांपैकी सगळ्यात चांगला पोरगा आधी निवडता येतो. म्हणून ऑफिसात काही लोकांचं म्हणणं पडलं की आता जिंकून फायदा नाही. बाद फेरीत जायची शक्यता शंभरात आठ-नऊ, आणि गेलो तरी पहिल्याच मॅचला बाहेर. त्यापेक्षा हरा, चांगला पोरगा घ्या, दोन वर्षांत टीम उभी करा. याला इथे टँक करणं म्हणतात. हरा असं तोंडाने कोणी म्हणत नाही. जिंकायला लागणारी माणसं "दुखापत" म्हणून बाजूला बसवतात, बस. आमचे कोच जुने गृहस्थ आहेत. मीटिंगमध्ये ते एवढंच म्हणाले, "मी पोरांना मैदानावर पाठवतो ते जिंकायलाच. बाकी तुमचं तुम्ही बघा." आणि उठून गेले.

तर आमचा मुख्य क्वार्टरबॅक बसवला. त्याच्या जागी वेस नावाचा राखीव खेळाडू आला. चौतीस वर्षांचा, सहा क्लब फिरलेला, अकरा वर्षांत मोजून नऊ मॅच सुरुवातीपासून खेळलेला. माझा दोस्त आहे तो. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर येऊन बसतो. उपासनाने दिलेला तिखट गोळाभात खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी डबा पुसून परत दिला. अनिकाला त्याने चेंडू कसा धरायचा ते शिकवलं.

रविवारी वेस जिंकला, मावशी. शेवटच्या मिनिटाला. स्टेडियम नुसतं वेडं झालं होतं. घरी आलो तर अनिका उड्या मारत होती. माझ्याकडे बघून थांबली. "बाबा, वी वन! व्हाय आर यू सॅड?"

थकलोय, म्हणालो.

गुडघ्याचं खरं खरं लिही. डॉक्टरांकडे अस्मिताला घेऊनच जा.

तुझा,
कुशल


२ जानेवारी २०२६

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला हव्यात, पण एक वाईट बातमी आहे, आणि तुला काही विचारायचंही आहे. हाडांच्या वॉर्डात तू एकतीस वर्षं काढलीस, तुझ्याइतकं कोणाला कळणार?

गेल्या रविवारी वेसला मार लागला. आमच्या अडवणाऱ्या पाचांतले दोघं त्या मॅचला बाहेर होते, त्यांच्या जागी नवखी पोरं होती. दुसऱ्या सत्रात एक जण मोकळा सुटून आला आणि वेसच्या पाठीत डोकं घालून आदळला. वेस खाली पडला तो तसाच राहिला. पाय हलले नाहीत.

मानेचा पाचवा मणका. सहा तास ऑपरेशन झालं. खांदे हलतात, डावा थोडा कमी. कोपर दुमडतो. बोटं हलत नाहीत. कमरेखाली काही नाही.

मला सांग, अशा पेशंटची बोटं परत येतात का? किती महिन्यांनी कळतं? तुझ्या वॉर्डात असे किती आले, आणि त्यांतले किती उठले? त्याच्याशी काय बोलायचं असतं? बायको टेसा दिवसभर तिथेच असते. तिच्याशी काय बोलायचं?

आदल्या मॅचनंतर त्याच्या डाव्या हाताला मुंग्या येत होत्या म्हणे. डॉक्टरांनी खेळायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं होतं. तरी खेळला. असतात अशी माणसं.

लवकर लिही.

कुशल


८ मार्च २०२६

प्रिय मावशी,

तुझं पत्र फेब्रुवारीत मिळालं. चार पानं भरून तू सगळं लिहिलंस. कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचा बघायच्या, सहा महिन्यांच्या आत कोणी आशा तोडू नये आणि कोणी दाखवूही नये. मी टेसाला ते सगळं इंग्लिशमध्ये करून दिलं. आणि शेवटी तू एकच ओळ लिहिलीस : "पेशंटचं सगळं विचारलंस, स्वतःचं काही लिहिलं नाहीस. तुझा याच्याशी संबंध काय?"

महिना झाला, ती ओळ रोज वाचतोय. आज उत्तर देतो.

मी लिहिलं होतं की ऑफिसात काही लोकांचं म्हणणं पडलं. ते काही लोक म्हणजे मी.

अहवाल माझा. तीन पानं, सतरा डिसेंबरची तारीख, खाली माझं नाव. मला जनरल मॅनेजर साहेबांनी विचारलं, जिंकायचं की खाली राहायचं, आकडे काय म्हणतात? आकडे म्हणाले खाली राहा. ते चूक नव्हते, मावशी, आजही काढले तर तेच येतील. वेस पहिली मॅच जिंकला तेव्हा साहेबांनी परत बोलावलं. "हा असाच खेळत राहिला तर?" मी म्हणालो, अडवणाऱ्यांतले दोन चांगले गडी बसवा. त्या दोघांना काहीही झालेलं नव्हतं. कागदावर गुडघा आणि घोटा लिहिला. त्यांच्या जागी येणाऱ्या नवख्या पोरांच्या मागे उभा राहणारा माणूस माझ्या टेबलावर जेवतो, हे मला माहीत होतं. पण आकड्यांत त्यासाठी रकाना नव्हता, आणि मी तो केला नाही.

अजून आहे. जे लिहायला महिना लागला ते आता येतंय.

मॅचच्या आधीच्या शुक्रवारी वेस कॅन्टीनमध्ये आला. ताट घेतलं नव्हतं. डावा हात चोळत होता. म्हणाला, "कुशल, हाताला करंट लागल्यासारखं होतंय. डॉक्टर म्हणतात, तुझं तू ठरव. टेसा म्हणते बस. तू वरच्या मजल्यावर बसतोस, म्हणून तुला विचारतो. ते दोघं खरंच जखमी आहेत?"

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे आपण जिंकायला खेळतोय?"

"अर्थातच."

"बाद फेरीचा चान्स आहे?"

"चांगला आहे."

त्याने माझ्या खांद्यावर हात मारला. "मग खेळतो."

मी नुसतं "मला माहीत नाही" म्हणालो असतो तरी तो बसला असता. मला तेवढंही सुचलं नाही, असं मी स्वतःला दोन महिने सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं. भीती वाटली. माझा व्हिसा क्लबच्या नावावर आहे. नोकरी गेली की साठ दिवस, मग सामान बांधायचं. वरच्या मजल्यावरची गोष्ट खाली गेली तर ती कोणी नेली, हे कळायला वेळ लागला नसता.

आणि तो पडला तेव्हा मी वरच्या खोलीत होतो. समोर काच, हातात लॅपटॉप. सगळे उभे राहिले. माझी नजर आधी स्क्रीनवर गेली, मावशी. हरलो तर निवडीत आपला नंबर कितवा लागतो, ते मी पाहिलं. मग मैदानाकडे पाहिलं.

शेवटची मॅचही हरलो. निवडीत पाचवा नंबर मिळाला. मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या, फार जोरात नाही, पण झाल्या. फेब्रुवारीत मला बढती दिली.

उपासनाला मी बढतीच्या दिवशीच सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत तिचे. "वेसला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

मी त्याला भेटायला जातच होतो, दर रविवारी. तो मला काय म्हणायचा माहीत आहे? "वरच्या मजल्यावरचा तू एकटाच माझ्याशी खरं बोललास. निदान कशासाठी तरी खेळताना झालं हे." आता हे ऐकल्यावर कसं सांगायचं? मला वाटायचं, त्याच्याजवळ तेवढंच उरलंय, ते कशाला काढून घ्यायचं. तीन रविवार मी ही दया आहे असं समजत होतो. मग तुझी ओळ परत वाचली.

परवाच्या रविवारी सांगितलं. टेसाही खोलीत होती. मी उभाच होतो. अहवाल, ते दोन गडी, शुक्रवार, सगळं. त्याच्या पलंगावरच्या हवेच्या गादीचं यंत्र घुरघुरत होतं.

त्याने विचारलं, "त्या जिंकलेल्या मॅचनंतर बाद फेरीचा चान्स किती टक्के होता? खरा?"

"तेरा."

"तेरा." छताकडे बघत होता. "तेरावर मी खेळलो असतो, यार. हा 'यार' तूच शिकवलास मला. अकरा वर्षं मी याहून कमीवर जगलोय." मग म्हणाला, "पण तेरा, आणि समोर ती दोन पोरं, आणि वरती कोणालाच जिंकायचं नाही, हे मला सांगायला हवं होतंस. ठरवायचं मी होतं. तू ठरवलंस."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"नर्सला बोलाव," तो म्हणाला. "मला खिडकीकडे वळवायची वेळ झाली. आणि परत येऊ नकोस."

नर्सने त्याला वळवलं. माझ्याकडे पाठ झाली. मी कोट घेतला आणि निघालो.

टेसा लिफ्टपर्यंत आली. रडत नव्हती. तिने सांगितलं, खेळाडूंची युनियन चौकशी करतेय, ते दोघं खरंच जखमी होते का. क्लब म्हणतोय, होते. "आत सांगितलंस ते लिहून देशील? सही करून?"

मी विचार करतो म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला लिफ्टमध्ये मजल्याचं बटण सापडेना.

घरी उपासना आणि मी समोरासमोर बसलो. तिच्या व्हिसाचे, ग्रीन कार्डचे सगळे कागद माझ्या नोकरीला बांधलेले. अकरा वर्षं झाली रांगेत. ती चहाचा कप फिरवत होती. मग म्हणाली, "लिहून दे. मला या घरात तुझ्याबरोबर राहायचंय. इथे की नागपुरात ते नंतर बघू." माफ केलं असं ती म्हणाली नाही. तेही तिने स्पष्ट सांगितलं.

काल मी चार पानं लिहून, सही करून टेसाच्या हातात दिली. मूळ अहवालाची प्रत जोडली. तिने तिथेच उभ्याने वाचलं, पिशवीत ठेवलं आणि आत गेली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. बोटं अजून हललेली नाहीत.

उद्या सकाळी साहेबांना मी स्वतः सांगणार आहे. पुढे काय होईल माहीत नाही. अनिकाची शाळा मे अखेर संपते, तेवढं जमावं असं वाटतं. तिने विचारलं, वेसकडे कधी जायचं? मी तिला सांगितलं, नऊ वर्षांच्या मुलीला समजेल एवढं. उपासनाने तर सगळंच सांग म्हटलं होतं, माझ्याने झालं नाही. तरी जेवढं ऐकलं तेवढ्यावर ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. ठोठावलं नाही.

मावशी, आई गेल्यावर तू मला वाढवलंस. वॉर्डातून थकून आलेली असायचीस, तरी कोणता पेशंट कसा आहे हे विचारलं की मला खरं सांगायचीस, मी लहान होतो तरी. म्हणून तुला लिहिलं.

रागावली असशील तर राग लिही. फक्त मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. वेसला मी तेच दिलं होतं.

तुझा,
कुशल