जुनी नावं परत येणार आहेत

११ जानेवारी २००४, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून नियमित लिहायचं. मागच्या वर्षी ४ जानेवारीला थांबलो, पण तेव्हा विषय नव्हता. आता आहे.

काल योगिता बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिलंच आहे. मार्चअखेर, असं जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलंय. सोबत जावई, तुषारराव. ठाण्यात सुपरवायझर आहेत. सायबर कॅफेतून बाळाच्या नावांची यादी काढून आणलीय. अकरा पानं. तनिष्का, रिया, सानिका, आर्यन. सगळी वाचली. दाभोशाला नदीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठाला पोहोचेल असं त्यात एकही नाव नाही.

जेवताना तुषाररावांच्या पँटकडे लक्ष गेलं. खाली रुंद. अशीच पँट मी १९७६ साली शिवली होती. पँट परत येते, तर नाव का येणार नाही? दहा वर्षांत भिका, मंगळी, पोश्या, पारू ही नावं फॅशनमध्ये येणार, हे मला स्वच्छ दिसतंय. तेव्हा लोक विचारतील की पहिलं नाव कोणी ठेवलं.

लगेच जाहीर केलं: मुलगा झाला तर भिका (माझे वडील), मुलगी झाली तर मंगळी (माझी आई). तुषारराव हसले, म्हणजे पटलं असावं. योगिताने यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. प्रतिभाने भाकरी वाढली, काही बोलली नाही. बायको बोलली नाही म्हणजे संमती. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे.

१९ जानेवारी, सोमवार

शाळेत जुन्या नावांबद्दल सर्व्हे घेतला. तीन रकाने: पसंत, नापसंत, विचार करून सांगतो. केंद्रातले बारा शिक्षक. पसंत शून्य. नापसंत तीन. विचार करून सांगतो, नऊ. म्हणजे पंचाहत्तर टक्के लोक विचार करू लागले. आठ दिवसांत एवढी प्रगती वाईट नाही.

उद्यापासून पहाटे चालायला जायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

महिनाभर लिहिणं झालं नाही. चालणंही नाही. थंडी होती.

आज पोलिओची ड्यूटी, वावर गावाला. जीप वांगणीच्या चढावर दोनदा बंद पडली, शेवटचा टप्पा पायीच. तरी गेलो, कारण पाड्यावर जुनी नावं जिवंत सापडतील अशी खात्री होती. डोस देताना नावं विचारून घेतली. बंटी. प्रिन्स. स्वीटी. करण. पुन्हा स्वीटी.

लाडकी भेटली, माझी जुनी विद्यार्थिनी. कडेवर मुलगी. नाव डिंपल. भिवंडीला बांधकामावर होती तिथे मुकादमाच्या मुलीचं हे नाव होतं. मी तिला नीट समजावलं की लाडकी हे केवढं गोड नाव आहे, असं नाव पुढे चालवायला हवं. ती म्हणाली, “आमचां नाव आमच्यापुरतां बरां, गुरुजी. शाळत तुमीच ता खोडलां ना.”

पटावर मी तिला ललिता लिहिलं होतं, हे खरं आहे. पण ते १९८८ होतं. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती.

परतताना पाय दुखले. डिंपल हे नाव दहा वर्षांत जुनं होईल, असं वहीत लिहून ठेवलं.

१ मार्च, सोमवार

अनपेक्षित यश. एक जुनं नाव परत येतंय!

दाभोशाचा सुमित सकाळी घरी आला. १९८४ला माझ्याच हातून पहिलीत दाखल झालेला. खरं नाव सोम्या, सोमवारचा जन्म. आमच्या शाळेत तेव्हा नऊ सोम्या होते. मी दोघांना सोमनाथ, तिघांना सोमेश केलं, आणि याचा चेहरा तरतरीत म्हणून सुमित. वनरक्षकाच्या भरतीत त्याची निवड झालीय. आता कागदपत्रं तपासताना अडलंय. शाळेच्या दाखल्यावर सुमित, जन्मनोंदीत आणि जातीच्या दाखल्यात सोम्या. दोघे एकच, असं मी तहसील कचेरीत येऊन लिहून द्यावं, असं त्याचं म्हणणं. शेवटची तारीख १५ मार्च.

तो म्हणाला, “गुरुजी, तुमी दिलेला नाव भारी हाय. पन तो मानूस कोन, ह्याचा पुरावा नाय कोनापाशी.”

त्याला सांगितलं की यापुढे सरळ सोम्याच राहा, पुढच्या काळात याच नावाला मान आहे. तो मान खाली घालून ऐकत होता. शुक्रवारी येतो म्हणून सांगितलं.

५ मार्च, शुक्रवार

प्रेसवर गेलो. बारशाच्या पत्रिका. दोन मजकूर जुळवून ठेवायला सांगितले, एक भिका आणि एक मंगळी. बाळ झालं की लगेच छापता येईल. बारशाच्या पत्रिकेत आधीच नाव घालत नाहीत असं प्रेसवाला म्हणाला. त्याला नवीन कल्पना झेपत नाहीत.

कचेरीत जायचं राहिलं. सोमवारी नक्की.

१२ मार्च, शुक्रवार

सोमवारी साहेबांची शाळा तपासणी होती. मंगळवारी, बुधवारी उन्हाचा त्रास. आज निघालोच होतो, तर प्रेसचा निरोप आला, प्रूफ तयार. अक्षरं जुळवणाऱ्याने ‘मंगळी’ ही चूक समजून ‘मंगल’ केलं होतं. ते दुरुस्त करून घेण्यात दुपार गेली. अशा वेळी स्वतः उभं राहावं लागतं.

सोम्या कचेरीच्या पायरीवर बसून होता, असं जीपवाला रघ्या सांगत होता. मला कळवायला हवं होतं त्याने.

१६ मार्च, मंगळवार

काल गेलो. साडेचारला पोहोचलो. खिडकी चारला बंद होते, हे कुठे लिहिलेलं नाही.

सोम्या पायरीवरून उठला. हातातली पिशवी नीट गुंडाळली, पाया पडला आणि संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला कामाला गेला. पुढच्या भरतीला बघू, असं मी म्हणालो होतो, पण त्याचं वय तोवर बसतं की नाही, हे बघायला हवं.

प्रोसिजरला वेळ लागतोच. प्रतिभाने विचारलं, झालं का त्या पोराचं. म्हणालो, चालू आहे.

२३ मार्च, मंगळवार. दुपारी २.३०

नात झाली! दोघी खुशाल. अडीच किलो.

आणि वार कोणता? मंगळवार! मंगळवारी जन्मली म्हणूनच माझ्या आईचं नाव मंगळी होतं. आता वाद संपला. दवाखान्यातून परस्पर प्रेसवर. पन्नास पत्रिका.

२८ मार्च, रविवार

तुषाररावांचे वडील वाड्याहून आले. पत्रिका हातात घेऊन बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले की पोरीचं नावच मंगळी ठेवलं, तर लग्नाच्या वेळी स्थळांना काय सांगायचं? पत्रिकेत मंगळ नाही म्हणून शपथा घ्यायच्या का?

मी समजावलं की हा ग्रह नव्हे, वार आहे. त्यांनी विचारलं, वार तरी कोणावरून पडला? यावर उत्तर शोधून ठेवायचं.

सोबत आलेल्या विहीणबाईंनी पेढा अर्धाच खाल्ला. योगिता मान वळवून बाळाला पाजत होती. तिला विचारलं, तुझं काय मत. म्हणाली, “बारशाला बघू, बाबा.” बघू म्हणजे ऐंशी टक्के हो.

३ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी

झालं बारसं. जसं झालं तसं लिहितो.

नाव कानात सांगणार तुषाररावांची बहीण. तिला कालपासून तीनदा बजावलं होतं, ‘मंगळी’तला ळ स्पष्ट हवा. ती पाळण्यात वाकली, कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि नाव बाहेर आलं: तुळशी.

क्षणभर वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग लक्षात आलं की हे तर जुनंच नाव! म्हणजे मंगळी नसली तरी तत्त्व जिंकलं. उभा राहिलो आणि दहा मिनिटं बोललो. फॅशन कशी गोल फिरते, या घराने तालुक्याला कशी वाट दाखवली, वगैरे. पँटचं उदाहरणही दिलं. लोक घुगऱ्या खात होते, पण ऐकत होते.

पाहुणे गेल्यावर योगिता जवळ आली. हळूच बोलली.

“फॅशन म्हणून नाही ठेवलं, बाबा. आईचं नाव आहे ते.”

खरं आहे. प्रतिभाचं माहेरचं नाव तुळशी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ‘प्रतिभा’ लिहिलं ते मीच. तेव्हा नवीनच नोकरीला लागलो होतो. गुरुजींच्या बायकोला तुळशी शोभणार नाही, असं वाटलं. अक्षर चांगलं आलं होतं, सगळ्यांनी कौतुक केलं. तिला विचारलं होतं का, ते आठवत नाही. बहुतेक नसावं. तेव्हा विचारत नसत.

विसरलो होतो, असं लिहिणार होतो. पण विसरलो नव्हतो. आठवायची गरज पडली नव्हती.

प्रतिभाला यातलं काही माहीत नव्हतं. नाव ऐकलं तेव्हा ती घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारात उभी होती. पातेलं खाली ठेवायचं तिला बराच वेळ सुचलं नाही. मी तेव्हा भाषण करत होतो.

६ एप्रिल, मंगळवार

सर्व्हेच्या वहीत ‘पसंत’च्या रकान्यात एक लिहावा म्हणून वही काढली. कोणाच्या नावापुढे लिहायचा, ते ठरेना. ठेवून दिली.

सकाळी पाळण्याशी बसलो होतो. बाळ कुरकुरत होतं. दोरी हलवत म्हणालो, तुळशी, ए तुळशी.

मागच्या अंगणातून ‘ओ’ आली.

प्रतिभा ओले हात पुसत आत आली, उंबऱ्यात थांबली. मी म्हणालो, बाळाला हाक मारली. ती म्हणाली, “कळलं मला.” आणि परत भांड्यांकडे गेली.

अठ्ठावीस वर्षांत ती इतक्या चटकन कधी ओ देत आली नव्हती.

उद्यापासून तिला तुळशीच म्हणायचं. नक्की.

७ एप्रिल, बुधवार

चहासाठी हाक मारली. सवयीने प्रतिभाच म्हणालो.

तिने चहा आणून ठेवला.