बंधाऱ्याखालचं पाणी

९ ऑक्टोबर १९२८
खालापूरच्या दवाखान्यात सुईण म्हणून रुजू झाले. दवाखान्यामागेच दोन खोल्या मिळाल्या; मागचं दार उघडलं की पाताळगंगा. नदीवर नवा बुटका बंधारा आहे, पुरुषभर उंचीचाही नाही; मधोमध लोखंडी कड्यांचे दगडी खांब. पाणी त्यावरून काचेसारखं घसरतं. पुण्यात अशी हवा कुठली! पलीकडच्या वाड्यांतल्या बाळंतिणींकडे मला पोशा कातकरी होडीनं नेणार आहे. त्याची बायको भागी मोठी हसरी. आल्याआल्या ओटीत काकड्या टाकून गेली.

१२ ऑक्टोबर
पोशा बंधाऱ्यापासून फार लांब, वरच्या अंगाला नदी ओलांडतो. एवढा वळसा कशाला, विचारलं. त्यानं बंधाऱ्याखाली बोट दाखवलं. एक ओंडका बुडत होता, वर येत होता, पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढला जात होता.
"गणपतीपास्नं फिरतोय, बाई. पानी सोडीत नाय त्याला."
घरी आल्यावरही मी खिडकीतून तिकडेच बघत राहिले.

१७ ऑक्टोबर
पोशा तापानं फणफणलाय. समोरच्या वाडीतली पारू पहाटेपासून अडली आहे, मूल आडवं. भागी म्हणाली, मी नेते. होडी मासे धरायला खालच्या अंगाला नेलेली. वर ओढून न्यायला वेळ नाही. बंधाऱ्यापासून अंतर ठेवून जाऊ, असं ठरलं. पाणी तिथं निवांत दिसतंय. निघते.

दुपार
बंधाऱ्याच्या मधल्या खांबावर आहे. मेणकापडाच्या पिशवीमुळे वही तेवढी कोरडी. पाणी निवांत नव्हतं. उलटं वाहत होतं, बंधाऱ्याकडे. वल्ही मारून मारून भागीचे हात सोलले, तरी होडी मागेच. धारेखाली गेली, उलटली. मला खांबाची कडी सापडली. भागीला—

वर आली. हात दिला. पोचला नाही. खाली गेली.

पुन्हा आली. आता ओरडत नाही.

काठावर माणसं जमलीत. दोर फेकतात, अपुरा पडतो. मी सांगते ते धारेच्या आवाजात बुडतं.

घाटावर पाऊस. पाणी पायाला लागलं—

भागी. डोळे उघडे. गेली. आली.

पारूच्या अंगणातल्या बायका आत धावल्या. एक बाहेर आली, कपाळ बडवत.

पोशा! तापातून उठून आलाय. कुणाची तरी होडी सोडतोय. नको म्हणून हात हलवते, ओरडते. माझ्याकडे बघतच नाही. भागी वर येते तिथंच त्याचे डोळे. पोशा, मागे फीर, ती आता नाही रे— होडीला पाणी ओढतंय, बंधाऱ्याकडे—